टाकी धुतली की तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ आणि मासे वर : चार फुटी टँकचा हा घोळ कसा सुटला

मुद्द्याचं आधी सांगतो, कारण ज्याच्या घरी आत्ता मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत त्याला माझी कहाणी वाचायला वेळ नाही. खायला घालणं बंद करा. घरात असेल नसेल तेवढा एअर पंप लावा. फिल्टर अजिबात धुवू नका. एक तृतीयांश पाणी बदला, पण नळाचं थेट ओतू नका, बादलीत अँटीक्लोर म्हणजे क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे विरघळवून घ्या, आणि हात घालून बघा की बादलीतलं पाणी टाकीइतकंच गार-कोमट आहे. निळं, पिवळं, हिरवं कुठलंही औषध टाकू नका, दुकानदाराने दिलं असेल तरी नका टाकू. एवढं झालं की खालचं निवांत वाचा.

आता माझा घोळ. मागच्या दसऱ्याला टँक आणला, ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच, १२ एमएम काच. हिशोब सोपा आहे, १२ घनफूट, एका घनफुटात साधारण २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ भरला तर ३४० लिटर. वरची दोन बोटं आणि खालची खडी सोडून माझ्यात २९०च्या आसपास पाणी बसतं. वजन काढलं तेव्हा बायको दोन मिनिटं बोललीच नाही, पाणी, काच, खडी, लोखंडी स्टँड मिळून साडेचारशे किलोच्या घरात जातं. नाशिकला इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणून हॉलच्या मधोमध ठेवायचा हट्ट सोडून बीमच्या वर, भिंतीला धरून ठेवला. लेव्हल मात्र गवंड्याची पाण्याची नळी आणून बघितली, खाली थर्माकोल टाकला, त्या बाबतीत आजतागायत काही त्रास नाही म्हणून तो विषय इथेच सोडतो.

मासे म्हणाल तर ६ एंजल, ४ पर्ल गुरामी, १० विडो टेट्रा आणि एक सकर. दुकानात सांगितलं होतं, पाणी भरा, दोन दिवस फिल्टर चालवा, तिसऱ्या दिवशी मासे सोडा. सोडले. त्यातले किती गेले ते सांगत नाही, पण पहिल्या महिन्यात दोनदा परत खरेदी झाली. ते एक वेळ समजू शकतो, नवीन टाकी होती. माझी खरी तक्रार पुढची आहे, की टाकी तीन महिन्यांची झाली, चार महिन्यांची झाली, तरी दर पंधरा दिवसांनी तेच. रविवारी सकाळी मिसळ खाऊन आलो की मी बाह्या सरसावून टाकी काढायचो, सगळं पाणी उपसायचो, खडी परातीत घेऊन तांदळासारखी तीन पाण्यांनी धुवायचो, प्लास्टिकची झाडं ब्रशने, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून पांढरा होईपर्यंत. संध्याकाळी टाकी अशी चकाचक की पाहुणे विचारायचे नवीन घेतली का. सोमवार बरा जायचा. मंगळवारी रात्री पाण्यावर हलकं धुकं यायचं. बुधवारी सकाळी कुणी ताकाचं पाणी ओतल्यासारखं पांढुरकं, मागची भिंत दिसायची नाही, आणि एंजल वर.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो नाहीतर राहून जाईल. गुरामी वर येते ती तिची जात आहे, तिला वरची हवा घेता येते, ती दिवसातून पन्नास वेळा वर जाईल, त्यावरून घाबरू नका. एंजल, टेट्रा, बार्ब वर आले, कल्ले भराभर हलायला लागले, तर काहीतरी बिनसलंय. मी सुरुवातीला उलटं करायचो, गुरामीसाठी पळापळ आणि एंजलकडे लक्ष नाही.

मग काय, बुधवारी पाणी घाण झालं म्हणून परत धुवायचो! म्हणजे ज्याने दुखणं आलं तेच औषध दुप्पट. आणि दर वेळी संशय दुसऱ्यावर. आधी खाण्यावर, मग दिव्यावर, मग पोरीवर की ही गुपचूप बिस्किटं टाकते (टाकत होती, पण ते कारण नव्हतं), मग दुकानदाराने दिलेलं निळं औषध ओतलं आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करून बसलो, ते आजही तसेच आहेत.

हे पहिल्यांदा फोडलं आईने, आणि तिला माशांतलं काही कळत नाही. मी बेसिनवर स्पंज पिळत होतो, ती बाजूला दह्याचं भांडं विसळत होती, म्हणाली, "अरे, तू दर वेळी असं विरजणाचं भांडंच घासून ठेवतोस, मग दही लागणार कसं?" ती गमतीने म्हणाली, मला मात्र ते लागलं. कारण वाचलेलं सगळं होतं मी, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पण ते डोक्यात शाळेच्या धड्यासारखं बसलेलं, हातात उतरलेलं नव्हतं.

तर ते विरजण म्हणजे काय. मासे कल्ल्यांतून आणि मलमूत्रातून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून त्यात भर. अमोनिया विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, माशाच्या रक्ताला ऑक्सिजन वाहू देत नाही, मग पाण्यात कितीही बुडबुडे सोडा मासा गुदमरतोच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या टाकीत ही साखळी जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. आणि महत्त्वाचं हे, हे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच, ते चिकटून राहतात, स्पंजला, फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांना, खडीला, काचेला. म्हणजे मी नुसतं पाणी बदललं असतं तर एवढं बिघडलं नसतं, पण मी त्यांची घरंच धुवायचो, ते पण क्लोरीनच्या नळाखाली. दर पंधरा दिवसांनी माझी टाकी नव्याने पहिल्या दिवसावर यायची. पांढरं पाणी म्हणजे घाण नव्हे, ते वेगळ्याच, कुजक्यावर जगणाऱ्या जिवाणूंचं पीक असतं, ते काही तासांत दुप्पट होतात. आपले अमोनिया खाणारे मात्र कूर्मगतीने वाढतात, त्यांना दुप्पट व्हायला दिवस-दीड दिवस सहज लागतो. म्हणून दोन दिवस बरे आणि तिसऱ्या दिवशी दुधाळ. धुऊन काढलं की तेच चक्र परत.

थेंबांचं टेस्ट किट मागवलं, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली ते). हे आधी घ्यायला हवं होतं, तेवढ्या पैशांत माझे दोन एंजल वाचले असते. बुधवारी सकाळी अमोनियाची नळी हिरवी, तक्त्यावर २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. पीएच ८. पीएच का बघायचा तर अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो, २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी, पीएच ८ ला तोच ५ टक्के, म्हणजे जवळपास दहापट. म्हणून एखाद्याच्या टाकीत २ पीपीएमला मासे फिरत असतात आणि आपल्या टाकीत मरतात, त्यात त्याचं कौतुक काही नाही, पाण्याचा फरक आहे.

तर धुणं बदललं. आता आठवड्याला पाव पाणी, म्हणजे ७०-७५ लिटर, मोठ्या चार बादल्या. खडी काढायची नाही, सायफनची नळी खडीत खुपसून फक्त वरची घाण ओढायची, तीही एका वेळी निम्म्या तळाची. आणि स्पंज. टाकीतून काढलेल्या त्याच पाण्याच्या बादलीत स्पंज बुडवायचा आणि हलक्या हाताने चार-पाच वेळा दाबायचा, कपडे पिळल्यासारखा पिरगाळायचा नाही. पाणी उकळलेल्या चहासारखं झालं की थांबायचं. स्पंज मळकट तपकिरीच राहिला पाहिजे. नाकाजवळ धरून बघा, निरोगी स्पंजाला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. अंड्यासारखा वास आला तर तो आतून मेलाय, लाइट बराच वेळ गेली होती का ते आठवा. सिरॅमिक रिंगांना मी सहा महिने हात लावलेला नाही, आणि एका दिवशी स्पंजही आणि तळही असं दोन्ही करत नाही, एक रविवार याचा, एक त्याचा. ते उपसलेलं पाणी बायको कुंड्यांना घालते, मोगरा असा फुटलाय की शेजारच्या काकू विचारून गेल्या काय घालता.

मार्च असा गेला की मी सगळ्यांना ज्ञान वाटायला लागलो. पहिल्या तीन रविवारी पाणी बदललं, बुधवारी काचेसारखं. आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, सगळं नियमाने करून, पाव पाणी, स्पंज बादलीत, चिमूटभर हायपो टाकून, संध्याकाळी सात वाजता दोन टेट्रा तळाला आडवे. एंजल कोपऱ्यात, कल्ले लाल, अंगावर पांढरट चिकट साय. राव, डोकंच फिरलं. बायको म्हणाली, "मार्चमध्येही एकदा असं झालं होतं, तू म्हणालास जुना मासा होता."

इथे मला कालनिर्णय आठवलं. स्वयंपाकघरात लावलंय, आई त्यावर सगळं लिहिते, दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कामवाल्या मावशींची सुट्टी. आणि माझ्या कटकटीमुळे गेले काही महिने "मासा गेला" हेपण लिहीत होती, बारीक अक्षरात, एकादशीच्या शेजारी. मी पानं मागे उलटली. जानेवारी, फेब्रुवारीत मासा गेल्याच्या नोंदी बहुतेक बुधवार-गुरुवारच्या, ते कळलं, ते धुण्याचं. पण प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक नोंद रविवारचीच, त्याच दिवशीची. आणि त्या रविवारच्या आधीच्या चौकोनात, शनिवारी, आईच्याच अक्षरात : "पाणी नाही. सोसायटीची टाकी धुणार."

म्हणजे दोन वेगवेगळी दुखणी एकमेकांत मिसळून माझ्या डोक्यात एकच झाली होती. एक तीन दिवसांनी यायचं, एक त्याच दिवशी. आणि पहिलं इतकं सारखं यायचं की दुसरं त्यात लपून जायचं, पहिलं बंद झालं तेव्हा दुसरं उघडं पडलं.

वॉचमन मामांकडे गेलो. म्हटलं मामा, टाकी धुतल्यावर आत काय टाकता? "टीसीएल पावडर टाकतो ना साहेब, नाहीतर लोक ओरडतात." किती? मामांनी पिशवी दाखवली, अर्धा किलोची, म्हणाले निम्मी जमिनीतल्या टाकीत. टाकी वीस हजार लिटरची. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ती ताजी असेल तर त्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन धरतात, म्हणजे २५० ग्रॅममध्ये ८२ ग्रॅम, वीस हजार लिटरला लिटरमागे ४ मिलिग्रॅम. निर्जंतुक करायला १००० लिटरला अडीच ग्रॅम पावडर हा पाठ्यपुस्तकी हिशोब, म्हणजे पन्नास ग्रॅमवर काम भागत होतं. प्यायच्या पाण्यात नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असा दंडक आहे, ते माणसासाठी ठीक, माशाला त्याच्या निम्मंही सोसत नाही. आणि मी ४ मिलिग्रॅमचं पाणी, तेही पावडर पडल्याच्या दुसऱ्या सकाळी, अगदी मुहूर्त साधल्यासारखं टाकीत ओतत होतो. मामांची चूक म्हणत नाही मी, त्यांना कुणी मोजून सांगितलंच नव्हतं, आणि माणसं आजारी पडण्यापेक्षा थोडी जास्त पडलेली बरी असंच कुणीही समजणार.

हायपो टाकत होतो तरी का मेले? एक तर चिमूट. चिमूट नेहमीच्या नळाच्या पाण्याला पुरते, ४ मिलिग्रॅमला नाही. क्लोरीनच्या सातपट वजनाचा हायपो धरला तर कमी पडत नाही, म्हणजे ७५ लिटरला ४ मिलिग्रॅम असेल तर ३०० मिलिग्रॅम क्लोरीन, त्याला २ ग्रॅमच्या थोडा वर हायपो, सपाट अर्ध्या चमच्याच्या आसपास. चमचे सगळ्यांचे वेगळे, सोनाराच्या वजनकाट्यासारखा छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या. दुसरं म्हणजे मी पाणी आधी टाकीत ओतायचो आणि हायपो नंतर वरून भुरभुरायचो, तोवर व्हायचं ते होऊन जायचं. आधी बादलीत, ढवळून, मग टाकीत. आणि क्लोरीनने माशांबरोबर स्पंजातलं विरजणही भाजतं, म्हणून त्या रविवारी पडलेल्या माशांनंतर बुधवारी पुन्हा दुधाळ पाणी यायचंच, माझा गोंधळ आणखी पक्का व्हायचा.

क्लोरीन मोजायचं कसं, तर त्याचं उत्तर मामेभावाने दिलं. तो दिंडोरी तालुक्यात गावाकडे असतो, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे, रोज सकाळी नळाला जाऊन ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यातलं क्लोरीन बघायची चाचणी) करतो. फोनवर हसला माझ्यावर, "दादा, ओटी करून बघायचं सोडून तू कॅलेंडर काय वाचतोयस?" त्याने त्याची जुनी नळी आणि बाटली दिली. नळीत पाणी खुणेपर्यंत, ओटीचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि शेजारच्या पट्टीशी रंग जुळवायचा. रंग आला नाही तर क्लोरीन नाही, फिकट पिवळा म्हणजे थोडं, आणि जेवढं गडद तेवढं जास्त. साध्या दिवशी आमच्या नळाला लिंबाच्या सरबतासारखा रंग येतो. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, टाकी धुतल्यावर रात्री मुद्दाम केली, तर नळीत केशरी, आमरसाकडे झुकणारा, पट्टीवर तो रंगच नव्हता. पोरीला दाखवलं, ती म्हणाली बाबा हे आपण पितो? (फिल्टरचं पितो आम्ही, पण प्रश्न बरोबर होता, तो मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तसाच्या तसा विचारला.) एक सांभाळा, ओटीचं पाणी चाचणीनंतर बेसिनमध्ये ओता, टाकीत परत नाही, हाताला लागलं तर धुवा.

आता ज्यांची अडचण माझ्यासारखीच पण थोडी वेगळी आहे त्यांच्यासाठी, वेळ बघा, वेळ सगळं सांगते. पाणी बदलल्यावर तासाभरात किंवा त्याच संध्याकाळी मासे पडले तर क्लोरीन किंवा तापमान, यांच्याशिवाय फार काही नसतं. तापमानाचं नाशिकला दोन्हीकडून आहे, मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, आणि जानेवारीत पहाटे तेच बर्फ, इकडे थंडीत पारा एक आकडी उतरतो हे काही नवीन सांगायला नको. म्हणून उन्हाळ्यात पाणी सकाळी लवकर, हिवाळ्यात दहा-अकरानंतर. हीटर लिटरला एक वॅट धरून माझ्याकडे ३०० चा आहे, पाणी बदलताना बंद करायला विसरू नका, उघडा पडला की काच तडकते, मी एक घालवलाय. दोन-तीन दिवसांनी दुधाळ झालं तर विरजण गेलं, वर सांगितलं ते. फक्त पहाटे मासे वर आणि दिवसभर ठणठणीत, तर ऑक्सिजन कमी, जिवंत झाडं रात्री ऑक्सिजन घेतात, आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मावतच कमी, २० अंशाला लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात, उन्हाळ्यात रात्री एअर पंप बंद करून झोपणाऱ्यांनी (आवाज होतो म्हणून, आमच्याकडे हाच वाद होता) हे बघा. हिरवं पाणी हा वेगळा विषय, खिडकीचं ऊन आणि दिवा, त्याने सहसा मासे मरत नाहीत, फक्त आपल्याला दिसत नाहीत.

लाइट गेल्यावर काय ते राहिलं. वळवाच्या पावसात आमच्याकडे एकदा रात्रभर लाइट नव्हती. बंद डब्याचा फिल्टर असेल तर आतलं पाणी अडकून बसतं, आतल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, ते मरतात, आणि लाइट आली की आपण झोपेत असताना तो फिल्टर ती सगळी घाण टाकीत ओकतो. तीन-चार तासांच्या वर लाइट गेली असेल तर आधी प्लग काढा, डबा उघडून आतलं पाणी फेका, मीडिया म्हणजे स्पंज-रिंगा टाकीच्याच पाण्यात विसळा आणि मग चालू करा. बॅटरीचा छोटा एअर पंप मिळतो, तो मी टॉर्चच्या शेजारी ठेवतो.

नायट्राइट चढलेलं असेल, नळी जांभळी येत असेल, तर मीठ उपयोगी पडतं, साधं खडे मीठ, लिटरला एक ग्रॅम, माझ्या टाकीला ३०० ग्रॅमच्या आत, बादलीत विरघळवून दिवसभरात थोडं थोडं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत जायला अडवतं. हे तात्पुरतं आहे, रोजचा मसाला नाही, झाडं असतील तर आणखी जपून. आणि विरजण खरंच गेलं असेल तर ओळखीतल्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मागून आणा, ओल्या पिशवीत, वाटेत सुकू न देता, आपल्या फिल्टरात नुसता खोचून ठेवा. मी सिडकोतल्या मित्राकडून आणला, तो म्हणाला लोक शेजारी विरजण मागतात, तू घाण मागायला आलास. सहा आठवड्यांचं काम दहा-बारा दिवसांत झालं. फक्त त्याचे मासे आजारी नाहीत ना ते बघून घ्या, नाहीतर विरजणाबरोबर अंगावर पांढरे ठिपकेही घरी येतील.

जाता जाता, कुणी टाकीला कंटाळून मासे गोदावरीत सोडायचा विचार करत असेल तर सकर तरी कृपा करून सोडू नका. पुण्य वगैरे काही नाही, तो परदेशी मासा आहे, नदीत जगतो, वाढतो आणि इथल्या माशांची अंडी खातो. कुणाला तरी द्या, दुकानात परत द्या.

सध्या माझ्याकडे बाल्कनीत शंभर लिटरचा ड्रम आहे, त्यात शुक्रवारी पाणी भरतो, एअर स्टोन सोडतो, हायपो मोजून टाकतो, रविवारी सकाळी ओटीचा रंग आला नाही तरच टाकीत. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याचे, म्हणजे गोदावरीला पूर आल्याचे, फोटो मोबाईलवर फिरायला लागले की मी ओटी रोज करतो, कारण नदीला गढूळ पाणी आलं की पाणीपुरवठ्यावाल्यांचा क्लोरीन टाकायचा हात सैल होतो. मीटिंगनंतर सोसायटीने मामांना वजनकाटा आणून दिला, पन्नास ग्रॅमचं माप ठरलं, पण मामांचा काट्यावर विश्वास नाही, ते अजून वरून एक चिमूट टाकतातच. फक्त आता आदल्या दिवशी इंटरकॉम वाजतो. काल संध्याकाळी वाजला. "मासेवाले साहेब, उद्या टाकी धुतोय, तुमचा पिंप भरून घ्या."